मोटारीची काच आणि प्लॅस्टिक : कायदा काय म्हणतो?



वसंत व्याख्यानमाला म्हटली, की वाङ्मय, इतिहास, तत्त्वज्ञान अशा भारदस्त विषयांची आपल्याला सवय. त्या पंक्तीत मोटारीच्या खिडकीची काच हा विषय कोणाला फारच किरकोळ वाटेल. आम्हांलाही तो तसाच वाटत होता. परंतु एका संध्याकाळी या किरकोळ वस्तूने आमचा गर्व उतरवला, आणि तेव्हापासून हा विषय समजून घेतल्यावाचून आम्हांला राहवेना. जे समजले ते आज आपल्यापुढे मांडतो.

आमची मोटार वीस वर्षांची. तिच्या चालकाच्या बाजूची खिडकीची काच एका दुपारी फुटली. त्या बनावटीची गाडी कारखान्यातून निघण्याचे केव्हाच बंद झालेले. नवी काच मिळेना. दुरुस्तीवाले मिस्त्री म्हणाले, "साहेब, काचेच्या मागे कशाला लागता? अ‍ॅक्रिलिकचा तुकडा कापून बसवून देतो. स्वस्त, हलका, आणि दगड बसला तरी फुटायचा नाही." आम्हांला हे पटले. पटले याचे कारण उघड आहे : पैसे वाचत होते. मनुष्याचे पैसे वाचत असले, की युक्तिवाद पटण्यास फारसा वेळ लागत नाही.

चार महिन्यांनी एका फाट्यावर आम्ही वळत होतो. सूर्य उजव्या हाताला मावळतीस आलेला. तिरपे ऊन त्या खिडकीवर पडले आणि तिच्यावरचे सगळे बारीक ओरखडे एकदम पांढरे पेटले. त्या पांढऱ्या धुरळ्यातून येणारा मोटारसायकलवाला आम्हांला दिसलाच नाही. त्याने गाडी मुरमात घातली म्हणून तो वाचला. पुढे टाकीवर त्याचे पोर बसले होते. दोघांचेही खरचटण्यावर निभावले. तो उठला, आमच्या खिडकीजवळ आला, तिच्यावर बोट टेकवून म्हणाला, "ही काच आहे की पतंगाचा कागद?"

आमच्यापाशी उत्तर नव्हते. घरी आल्यावर आम्ही पुस्तके काढली. तेव्हा कळले, की त्या माणसाने जो प्रश्न विचारला तोच कायद्यानेही विचारून ठेवला आहे, आणि त्याचे उत्तरही देऊन ठेवले आहे.

प्रथम काचेचे पाहू. मोटारीची काच ही आपल्या घरच्या खिडकीची काच नव्हे. घरची काच फुटली, तर तिचे सुरीसारखे लांब तुकडे होतात. मोटारी नव्या होत्या त्या काळी त्यांतही अशीच काच असे, आणि अपघातात धडकेने जितके लोक जखमी होत तितकेच, किंबहुना अधिक भयंकर, ते काचेने कापले जात. यावर दोन तोडगे निघाले. पहिला फ्रान्समध्ये. एडुआर बेनेडिक्टस नावाच्या रसायनज्ञाच्या हातून १९०३ साली एक काचेची कुपी खाली पडली. ती तडकली, पण तिचे तुकडे विखुरले नाहीत. आत पूर्वी ठेवलेल्या द्रवाचा सुकून पापुद्रा झाला होता आणि त्याने तुकडे धरून ठेवले होते, असे सांगतात. त्यातून दोन काचांच्या मध्ये एक चिवट पडदा दाबून बसवण्याची कल्पना निघाली व १९०९ साली त्याने तिचे पेटंट घेतले. आज मोटारीची पुढची काच अशी थरांची असते. ती तडकते, पण जागच्या जागी राहते.

दुसरा तोडगा बाजूच्या खिडक्यांचा. पोलादाला जसे पाणी देतात तसे येथे काचेला देतात, म्हणजे ती सहाशे अंशांच्यावर तापवून तिच्या दोन्ही अंगांवर थंड हवेचे झोत सोडतात. वरचा पृष्ठभाग आधी आवळतो, आतला गाभा मागाहून आवळू पाहतो. या ओढाताणीमुळे पृष्ठभाग कायमचा दाबाखाली राहतो. अशी काच साध्या काचेहून पुष्कळ बळकट असते, आणि फुटलीच तर साखरेच्या खड्यांसारखे बोथट दाणे होऊन खाली ओघळते. बाजारात तिला टफन्ड काच म्हणतात.

या दोन्ही काचांत एक समान तत्त्व आहे. फुटणार नाही अशी हमी त्यांपैकी कोणतीच देत नाही. फुटताना माणसाला कापणार नाही, एवढीच ती हमी. कायद्याचा सगळा रोख या एका वाक्यावर आहे, म्हणून ते ध्यानात ठेवावे.

आता कायदा. १९८८ चा मोटार वाहन कायदा आणि त्याखालील १९८९ चे केंद्रीय मोटार वाहन नियम हे आपल्या देशात सर्वत्र लागू आहेत. त्यांतील नियम १०० हा काचेविषयीचा. त्याचे सार असे, की शेतीचे ट्रॅक्टर सोडून प्रत्येक मोटार वाहनाची पुढची काच व खिडक्या 'सुरक्षित काचे'च्या असाव्यात. सुरक्षित काच म्हणजे काय हेही नियमच सांगतो : ठरलेल्या मानकास उतरणारी, आणि फुटली असता गंभीर जखमा होतील असे तुकडे उडणार नाहीत अशा रीतीने घडवलेली काच. पुढची काच थरांची असावी हेही त्यातच आले. पुढच्या व मागच्या काचेतून निदान ७० टक्के आणि बाजूच्या काचांतून निदान ५० टक्के प्रकाश आरपार गेला पाहिजे. येथे एक शब्द फार मोलाचा आहे. काच नुसती तशी 'असून' भागत नाही, ती तशी 'राखली' पाहिजे. विकत घेताना स्वच्छ होती हा बचाव चालत नाही. आज ती कशी आहे ते पाहायचे.

मग प्लॅस्टिकला कायद्यात मुळीच थारा नाही काय? आहे, आणि तो नेमका कोठे आहे हे पाहिले, की कायदा करणाऱ्यांचे मन कळते. याच नियमात एक सवलत आहे. तीनचाकी वाहने आणि ज्यांना कापडी टप व बाजूचे पडदे असतात अशी वाहने यांच्या खिडक्या अ‍ॅक्रिलिकच्या किंवा पारदर्शक प्लॅस्टिकच्या चालतात. पावसाळ्यात आपल्या रिक्षावाल्याने बाजूला सोडलेला पडदा आणि त्यात शिवलेला प्लॅस्टिकचा चौकोन आठवा. जुन्या जीपचा टप आठवा. गुंडाळून वर बांधायच्या पडद्यात काच बसवता येत नाही, हे व्यवहाराला धरूनच आहे. परंतु ही सवलत नावे घेऊन दिलेली आहे, आणि जेथे नावे घेऊन सवलत दिली जाते तेथे बाकीच्यांना ती नाही, हा अर्थ ओघानेच येतो. बंद टपाच्या साध्या मोटारीचे नाव त्या यादीत नाही. आमच्या मोटारीचेही नव्हते.

येथे कोणी जाणता श्रोता म्हणेल, "थांबा, नियम बदलला आहे." बरोबर आहे. २०२० साली दुरुस्ती होऊन १ एप्रिल २०२१ पासून नियमात 'सुरक्षित काच' या शब्दांच्या जोडीस 'सेफ्टी ग्लेझिंग' हे शब्द आले. ग्लेझिंग म्हणजे खिडकीत बसवायची पारदर्शक तावदाने. काच हा त्याचा एक प्रकार. या बदलाचा अर्थ नीट लागावा म्हणून त्याआधीचा एक निकाल सांगितला पाहिजे. २७ एप्रिल २०१२ रोजी सर्वोच्च न्यायालयाने अभिषेक गोएंका यांच्या याचिकेवर निकाल दिला, की मोटारींच्या काचांवर काळी अगर अन्य फिल्म चिकटवता येणार नाही, मग तिच्यातून कितीही प्रकाश जात असो. कारण असे, की नियमाला अभिप्रेत आहे ती कारखान्यात घडलेली काच. मागाहून तिच्यावर काही चढवून केलेली वस्तू नव्हे. पुढे नियमाचे शब्द बदलले, आणि २०२४ साली केरळ उच्च न्यायालयाने नव्या शब्दांच्या आधारे म्हटले, की आतल्या अंगाने प्लॅस्टिकचा थर असलेले सुरक्षित तावदान, ७० व ५० टक्क्यांच्या मर्यादेत राहून, आता वापरता येते.

यावरून "आता प्लॅस्टिक चालते" अशी आरोळी काही ठिकाणी उठली. ती अर्धवट वाचनातून उठली. त्या निकालातला प्रश्न काचेवरील थराचा होता. काच काढून टाकून तिच्या जागी प्लॅस्टिकचा पत्रा बसवण्याचा नव्हता. शिवाय नवा शब्द आला तरी जुनी अट गेलेली नाही : जे काही बसवाल ते भारतीय मानक २५५३, भाग २, याच्या २०१९ च्या आवृत्तीस उतरले पाहिजे. आपल्या मोटारीच्या काचेच्या कोपऱ्यात बारीक अक्षरांत कोरलेली खूण असते, त्यात हा २५५३ चा आकडा दिसेल. ती खूण म्हणजे त्या तावदानाची जन्मपत्रिका. पाट्या रंगवणाऱ्याच्या दुकानातून आणलेल्या अ‍ॅक्रिलिकच्या तुकड्याला अशी पत्रिका नसते. तो तुकडा कदाचित चांगला असेल. पण तो चांगला आहे याची ग्वाही देणारे कोणी नाही. म्हणून आमच्या प्रश्नाचे कायद्यातील उत्तर असे : बंद मोटारीच्या खिडकीत काचेऐवजी बाजारी प्लॅस्टिक बसवणे नियमबाह्य आहे.

शिक्षेचेही सांगतो, कारण ती ऐकण्यास सभागृह नेहमी शांत असते. वेगळी शिक्षा न सांगितलेल्या नियमभंगासाठी कायद्याचे कलम १७७ आहे. २०१९ च्या दुरुस्तीनंतर पहिल्या खेपेस ५०० रुपयांपर्यंत आणि पुढील खेपेस १५०० रुपयांपर्यंत दंड होतो. पुष्कळजण येथे कलम ५२, म्हणजे वाहनात फेरफार करण्याचे कलम, पुढे करून मोठी भीती घालतात. पण त्या कलमातील फेरफाराची व्याख्या वाहनाच्या मूळ ठेवणीत बदल घडवणाऱ्या रचनेबद्दलची आहे. खिडकीच्या एका तावदानाला ती लावणे ओढूनताणून होईल. आमच्या मते त्याची गरजही नाही. नियम १०० पुरेसा आहे. खरी शिक्षा मात्र दंडाच्या पावतीत नसते. विम्याच्या करारात वाहन सुस्थितीत राखण्याची अट असते, आणि अपघातानंतर कंपनीचा पाहणी करणारा आला म्हणजे तो प्रथम अशाच गोष्टी टिपून घेतो. पंधरा वर्षांनंतर खाजगी गाडीची नोंदणी पुढे चालू ठेवताना तपासणी होते, तेथेही हे तावदान आड येते.

दुसऱ्या देशांत काय आहे? इंग्लंडात १९८६ चे वाहन-रचनेचे नियम आहेत. त्यांनी फार समंजस विभागणी केली आहे. चालकाच्या पुढे व त्याच्या दोन्ही बाजूंना ज्या खिडक्या आहेत त्यांना काचच हवी. मागच्या बाकीच्या खिडक्यांना, फुटून जखमा करणार नाही असे दुसरे पारदर्शक द्रव्य चालते. आणखी एक माणुसकीची तरतूद तेथे आहे. वाटेत काच फुटली, तर तात्पुरते सुरक्षित तावदान लावून तो प्रवास पुरा करता येतो, किंवा नवी काच बसवण्याच्या ठिकाणापर्यंत जाता येते, पुढे नाही. अमेरिकेतही प्रकार पाडले आहेत, आणि कठीण प्लॅस्टिकाला स्थान आहे ते चालकाला पाहण्यासाठी ज्या खिडक्यांची आवश्यकता नाही अशा जागी. तीन देश, पण धागा एकच : जेथून चालक पाहतो तेथे प्लॅस्टिक नको.

असे का? प्लॅस्टिक तर काचेहून बळकट, असे मिस्त्री म्हणत होते. ते काय खोटे बोलत होते? नाही. ते अर्धे खरे बोलत होते, आणि अर्धे खरे हे पुऱ्या खोट्याहून पचायला सोपे असते.

पारदर्शक प्लॅस्टिकांत दोन मुख्य. एक अ‍ॅक्रिलिक, दुसरे पॉलिकार्बोनेट, जे १९५३ साली जर्मनी व अमेरिका येथे वेगवेगळ्या शास्त्रज्ञांच्या हाती जवळजवळ एकाच वेळी लागले. वजनाला दोन्ही काचेच्या निम्म्याहूनही कमी. अ‍ॅक्रिलिक काचेहून चिवट खरे, पण मोठा आघात झाला तर त्याचे धारदार तुकडे होतात. म्हणजे ज्या भीतीने साधी काच मोटारीतून हद्दपार झाली तीच भीती आपण मागल्या दाराने आत घेतो. पॉलिकार्बोनेट मात्र जवळजवळ फुटतच नाही. हेल्मेटच्या पुढचा पारदर्शक पडदा बहुधा त्याचाच असतो.

परंतु दोघांचीही कातडी मऊ. रस्त्यावरच्या धुळीत वाळूचे कण असतात, आणि वाळू काचेपेक्षाही थोडी कठीण. मग प्लॅस्टिकची काय कथा? खिडकी वर-खाली होते ती रबराच्या खाचेतून. त्या खाचेत धूळ बसते, आणि प्रत्येक वेळी खिडकी उघडताना ती कानशीसारखी चालते. त्यात आपण सकाळी कोरड्या फडक्याने गाडी पुसतो! दिवसा हे ओरखडे दिसत नाहीत. समोरून दिवे आले किंवा ऊन तिरपे झाले, की ते दिसतात, आणि मग त्यांच्याखेरीज दुसरे काही दिसत नाही. उन्हाने प्लॅस्टिक पिवळे पडते ते वेगळेच. कोणाला पुरावा हवा असेल त्याने जाताना बाहेर उभ्या असलेल्या जुन्या मोटारींचे पुढचे दिवे पाहावेत. त्यांची तोंडे पॉलिकार्बोनेटची असतात. त्यांवर कारखान्यात संरक्षक लेप दिलेला असूनही काही वर्षांत ती मोतीबिंदू झालेल्या डोळ्यासारखी होतात. मग बिनलेपाच्या तुकड्याची अवस्था काय होईल?

उष्णतेचेही गणित आहे. एक मीटर लांबीच्या पट्टीचे तापमान ४० अंशांनी वाढले, तर काच साधारण एक तृतीयांश मिलिमीटर वाढते, आणि ही प्लॅस्टिके पावणेतीन मिलिमीटरच्या आसपास. काचेच्या मापाने केलेल्या चौकटीत ते वैशाखात अडकणार आणि पौषात खडखडणार.

सर्वांत शेवटी ती गोष्ट, जिने आमचे मत कायमचे पक्के केले. फुटत नाही हा गुण आहे की दोष? २६ जुलै २००५ रोजी मुंबईत सांताक्रूझ येथे चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस झाला. त्या दिवशी पाण्यात अडकलेल्या मोटारींत बसल्या जागी माणसे मेली; दारे उघडली नाहीत, काचा उतरल्या नाहीत. त्यानंतर पुष्कळांनी गाडीत लहानशी हातोडी ठेवण्यास सुरुवात केली. टफन्ड काचेच्या कोपऱ्यावर टोकदार हातोडीचा एक घाव घातला, की ती दाण्यांचा ढीग होते व वाट मोकळी होते. बसमध्ये खिडकीशेजारी हातोडी टांगलेली असते ती याचसाठी. आता त्या खिडकीत पॉलिकार्बोनेट आहे अशी कल्पना करा. हातोडी उडून परत येईल. बाहेरून वाचवायला आलेल्याचा दगडही परत येईल. बळकट म्हणजे सुरक्षित, ही आपली समजूत किल्ल्याच्या भिंतीपुरती खरी आहे; पण ज्यातून कधीकाळी निसटावे लागणार त्या खिडकीने वेळेवर फुटलेच पाहिजे.

याचा अर्थ प्लॅस्टिक कायमचे त्याज्य, असे आम्ही म्हणत नाही. संयुक्त राष्ट्रांच्या युरोपीय आर्थिक आयोगाचा वाहनांच्या तावदानांविषयीचा ४३ क्रमांकाचा नियम आहे. त्यात कठीण प्लॅस्टिकाच्या तावदानांसाठी स्वतंत्र कसोट्या लावल्या आहेत : घासून पाहणे, उन्हात ठेवून पाहणे, रसायने लावून पाहणे. त्या कसोट्यांतून उतरलेले लेपयुक्त प्लॅस्टिक काही गाड्यांच्या छपरांत बसतेही. म्हणजे कायद्याचे वैर प्लॅस्टिकशी नाही. न पारखलेल्या वस्तूशी आहे.

तेव्हा काच फुटल्यास गृहस्थाने काय करावे? फुटके दाणे झाडून काढावेत. पावसापुरते काही आडोसा म्हणून लावले तरी त्यातून पाहून गाडी हाकू नये. नवी काच घेताना कोपऱ्यातील खूण वाचूनच पैसे द्यावेत. नवी मिळत नसेल, तर त्याच बनावटीच्या मोडीत निघालेल्या गाडीची मूळ काच शोधावी. दुकानदार "चालतंय हो" म्हणाला, तर कोणाला चालते, असे विचारावे.

आम्ही शेवटी तेच केले. दोन रविवार जुन्या बाजारात हिंडलो आणि तिसऱ्या रविवारी आमच्या गाडीच्या एका मोडीत निघालेल्या भावंडाची काच मिळाली. तिच्या कोपऱ्यातील खूण शाबूत होती. अ‍ॅक्रिलिकला पडले त्याहून थोडेच पैसे अधिक पडले. तो जुना तुकडा मात्र आम्ही टाकला नाही. तो आमच्या टेबलावर आहे. दुपारी तो अगदी स्वच्छ दिसतो. संध्याकाळी पश्चिमेच्या खिडकीतून ऊन आले, म्हणजे तो पांढरा होतो, आणि टाकीवर बसलेले ते पोर आम्हांला आठवते.